गंगापूरच्या जेट्टीवरून मिस्त्रीकाकांना

प्रिय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, अशी तुमची ताकीद आहे. ती पाळतो. ‘मिस्त्रीकाका’ म्हटलं की धरणावर बोटी सांभाळणाऱ्या कुणालाही कळतंच. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे ठरवलं आहे. तुम्ही शिकवलेलं आमच्यापुरतं ठेवलं तर दारणेवर किंवा वैतरणेवर बोट चालवणारा तेच पार्ट पुन्हा पुन्हा बदलत बसेल.

भाऊच्या धक्क्यावर तुमचा हात बसला तो खाऱ्या पाण्यात. इथे नाशकात आल्यावर पहिली गोष्ट तुम्ही सांगितलीत ती हीच, की समुद्रावरचे निम्मे नियम घाटाखालीच ठेवून यायचे. गोदावरीचं पाणी गोडं आहे, मीठ नाही म्हणजे गंज नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. गोड्या पाण्याचं दुखणं निराळं असतं हे तुम्ही एकेक पार्ट हातात देऊन दाखवलंत.

जस्ताच्या वडीचंच घ्या. इंजिनाच्या पायाला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला, जो बळीचा धातू लावतात, तो स्वतः झिजतो आणि ॲल्युमिनियमचा पाय वाचवतो. समुद्रात जस्त चालतं. गोड्या पाण्यात त्यावर पांढरी साय धरते आणि ते काम करायचं थांबतं. वडी दिसते नव्यासारखी, आम्ही म्हणायचो काय टिकली बघा, आणि तिच्या मागे पाय खायला लागलेला असतो. धरणावर मॅग्नेशियम लावायचं. बोट कधी अलिबागकडे न्यायची झाली तर ते काढून जस्त किंवा ॲल्युमिनियम लावायचं, कारण खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर विरघळतं. दोन्हीकडे फिरणाऱ्या बोटीला ॲल्युमिनियमची वडी सोयीची. निम्मी झिजली की बदलायची, तिच्यावर रंग कधीच मारायचा नाही, आणि बसवताना खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करायची. मग मल्टीमीटरची एक टोचणी वडीला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. एका ओहमच्या आत आलं पाहिजे. रंगावर बसवलेली वडी म्हणजे नुसतं वजन, हे तुमचंच वाक्य.

आता पाण्याच्या धारेबद्दल. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची मागून जी बारीक धार पडते, तिला तुम्ही काय म्हणता ते इथे लिहीत नाही. जेट्टीवरच्या पोरांना मात्र तेच नाव तोंडपाठ आहे आणि त्यामुळे धार बघायला कुणी विसरत नाही. धार बारीक झाली की आम्ही सरळ इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी खेचणारं रबरी चाक, मागवायचो. तुम्ही आधी तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) हातभर तुकडा त्या भोकात घालायला लावलात. बोट पंधरा दिवस उभी राहिली की कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर बांधते! माती निघाली, धार मोकळी झाली, खर्च शून्य. पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या भोकातही ती शिरते. मग अर्ध्या तासाने इंजिन धाप लागल्यासारखं बंद पडतं आणि झाकण सैल केलं की चालू होतं. त्या खुणेवरून आता आम्ही कार्बोरेटरला हात लावण्याआधी झाकण सैल करून बघतो.

भोक मोकळं असूनही धार बारीक असेल तर मग खालचा पाय उतरवायचा. गिअर पुस्तिकेत सांगितलेल्या जागी ठेवायचा, पायाचे बोल्ट काढायचे, त्यातला एक पुष्कळदा वडीच्या आड लपलेला असतो. तो न काढता कुणी पाय ओढू नये. पंपाचं घर उघडलं की आधी रबरी इंपेलरच्या पात्या मोजायच्या. एखादी तुटलेली असेल तर नवा इंपेलर बसवून काम संपत नाही, ती तुटकी पाती शोधायची. ती वर पाण्याच्या नळीत नाहीतर थर्मोस्टॅटपाशी (इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेपाशी) जाऊन अडकलेली असते, आणि नवा पंप असूनही आठ दिवसांनी इंजिन तापतं. तुम्ही पातीचा शेवटचा नखाएवढा तुकडा सापडेपर्यंत झाकण लावू दिलं नव्हतंत.

मग घराच्या आतली स्टीलची वाटी आणि खालची पट्टी. नख फिरवायचं, खाच लागली तर त्याही बदलायच्या, नुसतं रबर बदलून धार येत नाही. इंपेलर शाफ्टला अडकवणारी चावी जागेवर बसली का बघायचं. पात्यांना ग्लिसरीन लावायचं, आणि घर खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवत राहायचं, म्हणजे पात्या बरोबर बाजूला वाकतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावायचं, पण माथ्यावर नाही. माथ्यावर ग्रीसचा गोळा राहिला तर तो वरच्या खड्ड्यात दबतो आणि पाय पूर्ण बसत नाही. बोल्टनं ओढून बसवला की काहीतरी तुटतं. पाण्याची तांब्याची नळी रबरी बुचात शिरली का, हे डोळ्यांनी दिसत नसेल तर बोटाने चाचपायचं.

इंपेलर बदलायचा तो पावसाळ्याआधी की नंतर, यावर आमच्यात वाद होता. तुम्ही तो एका वाक्यात मिटवलात. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबकच्या डोंगरातून, कश्यपी-गौतमीकडून जे लाल पाणी येतं, त्यातला गाळ रबराला पॉलिश पेपरसारखा घासतो. म्हणजे नवा इंपेलर त्या पाण्याला का द्यायचा? दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळलं की बदलायचा. दिवाळी ते नाताळ सगळी गर्दी नव्या रबरावर निघते. पावसाळ्यात बोट काढावीच लागली, तर परत आल्यावर कानाला हेडफोन लावल्यासारखी ती रबरी झाकणं पाण्याच्या जाळीवर बसवून, नळाचं स्वच्छ पाणी सोडून, इंजिन दहा मिनिटं मंद चालवायचं. गिअर न्यूट्रलला, पंख्यापाशी कुणी नाही. आणि पाणी सुरू झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही, कारण कोरडा इंपेलर काही सेकंदांतच जळायला लागतो.

थर्मोस्टॅटचं तर आम्ही उलटंच शिकलो होतो. तापतंय ना, मग काढून टाका. तुम्ही तेलाची कांडी काढून नाकाशी धरायला लावलीत. तेलाची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा. तेल आपोआप वाढत नसतं. थर्मोस्टॅट नसला किंवा गाळाने उघडा अडकला तर इंजिन थंडच राहतं, न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरतं आणि तेल पातळ करतं. पक्षी बघायला आलेल्या मंडळींना घेऊन डिसेंबरच्या सकाळी तासन्‌तास मंद चालणाऱ्या बोटींना हे हमखास होतं. उपाय दोन. थर्मोस्टॅट तपासायचा आणि फेरी संपताना दहा मिनिटं बोट जोरात पळवायची. तपासणी स्वयंपाकघरातली आहे. थर्मोस्टॅटच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडायचा, शेजारी थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही. पाणी तापत गेलं की ज्या अंशाला तो दोऱ्यावरून सुटून पडेल, तो उघडण्याचा अंश. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास आला तर पार्ट चांगला. बदलायची घाई नको, पॅकिंग मात्र नवं.

गिअरच्या तेलाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही. आम्ही वरच्या भोकातून तेल ओतायचो. आत हवा अडकायची, अर्धवट भरायचं, आणि आम्ही म्हणायचो भरलं. तुमची पद्धत अशी : इंजिन सरळ उभं, आधी खालचा स्क्रू काढायचा आणि मग वरचा, तेल पूर्ण गळू द्यायचं. खालच्या स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर ते पुसण्याआधी बघायचं. राखाडी, लोण्यासारखी चिकट पूड म्हणजे रोजची झीज. बोटाला टोचणारा कण म्हणजे गिअरचा दात. तेल चहासारखं असलं तर ठीक, दुधाच्या चहासारखं झालं की आत पाणी शिरलं. नवं तेल खालच्या भोकातून पंपाने चढवायचं, वरच्या भोकातून बुडबुडे नसलेलं तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पंप काढून चटकन खालचा. वर बंद असल्याने खालून चमचाभरही सांडत नाही. वॉशर दरवेळी नवे. हे शंभर तासांनी नाहीतर वर्षाने, जे आधी येईल ते, आणि नव्या इंजिनाला पहिल्यांदा वीस तासांतच.

दुधाळ तेल दिसलं की ऑइल सील बदलणारे पुष्कळ. सील का गेलं हे तुम्ही विचारलंत. पंखा उतरवला तर मागे तंगुसाचा गुंता. धरणात जाळी टाकणाऱ्यांचं तुटलेलं तंगूस पंख्यात येतं, शाफ्टभोवती गुंडाळत आत सरकतं, घासून तापतं आणि सीलची ओठी कापतं. म्हणून आता जाळीच्या पट्ट्यातून आलेली बोट असेल त्या दिवशी, आणि एरवी महिन्यातून एकदा, पंखा उतरतो. कॉटर पिन नवी, थ्रस्ट वॉशरची निमुळती बाजू बरोबर, दात्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस. सील बदलल्यावर तेल भरण्याआधी आत दहा पीएसआय हवा भरून पाच मिनिटं काटा बघायचा, सीलवर साबणाचं पाणी. काटा हलला नाही तरच तेल. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडलेली असेल तर नवं सील जरा मागेपुढे, कोऱ्या जागेवर बसवायचं. सील ठोकायला हातोडी आणि जुना पाना हेच आमचं हत्यार होतं. त्यासाठी तुम्ही अंबडच्या टर्नरकडून घडवून आणलेली ती पितळी बुशी आजही फळीवर आहे. सील तिच्यामुळे तिरकं जात नाही.

पंख्यावरून आठवलं. नाशिकची हवा समुद्रकाठापेक्षा विरळ. धरण साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद पाच-सहा टक्के कमीच मिळते. मुंबईत बरोबर असलेला पंखा इथे जड पडतो. पूर्ण भार घेऊन, पूर्ण थ्रॉटलवर, पुस्तिकेतल्या मिनिटाच्या आवर्तनांच्या पट्ट्यात इंजिन पोहोचत नसेल, तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात बोट कमी पुढे ढकलणारा) पंखा लावायचा. एका इंचाला दीडशे-दोनशे आवर्तनं वाढतात. ‘इंजिन म्हातारं झालं’ म्हणून विकायला काढलेली बोट तुमच्या या हिशोबावर फिरतेय. उलट आवर्तनं वाढतात पण बोट पळत नाही, तेव्हा पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असतं. खात्री करायला आतल्या बुशीवर आणि बाहेरच्या भागावर सलग एक रंगाची रेघ ओढून चक्कर मारून यायची. रेघ तुटली की रबर घसरलं.

पेट्रोलबद्दल तुमचं म्हणणं आम्हाला आधी पटलं नव्हतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच आउटबोर्डांच्या (बोटीमागे लावायच्या इंजिनांच्या) पुस्तिकेत दहाच टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. गाडी रोज टाकी संपवते, बोट संपवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. नाशकात थंडीत रात्री पारा दहाच्या खाली आणि दुपारी अठ्ठावीस, त्यामुळे अर्ध्या टाकीत घाम धरतो. ठरावीक हद्दीपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं, आणि नळी तळातूनच ओढते. म्हणून चारच दिवस पुरेल इतकंच पेट्रोल, दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि तो शंभर तासांनी बदलताना आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटं ठेवायचं. तळाशी वेगळा थर दिसला तर फिल्टर नाही, टाकी रिकामी करायची. हातपंपाचा फुगा आणि नळ्या बोटाने दाबून बघायच्या, मऊ चिकट झाल्या की गेल्या. कार्बोरेटरचं इंजिन दोन आठवड्यांहून जास्त उभं राहणार असेल तर पेट्रोल तोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, अर्थात पाणी चालू ठेवून.

उन्हाळ्यात आणि जायकवाडीला पाणी सुटतं तेव्हा पातळी उतरते आणि काळा खडक वर येतो. बोटीच्या तळाला फटका बसला की आम्ही वरून पुट्टी मारायचो. महिनाभरात ती सुटायची. फायबरच्या कामाचे तुमचे आकडे आता शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलेत. तडा संपेपर्यंत घासायचं, आणि कडा एकास बारा उतरत्या करायच्या, म्हणजे पाच मिलिमीटर जाड तळाला चहूबाजूंनी सहा सेंटिमीटर उतार. आतला फायबर पूर्ण सुकू द्यायचा. आठवडा लागला तर आठवडा. ॲसिटोनने पुसून चौरस मीटरला ४५० ग्रॅमची फायबरची मॅट लावायची. लहान तुकडा आधी की मोठा यावर मिस्त्रींचं एकमत नाही, तुम्ही मोठा आधी लावता. मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन, हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के. रोलरने बुडबुडे काढायचे. जानेवारीच्या सकाळी आठला हे काम करायचं नाही, रेझिन ओलंच राहतं आणि पोरं हार्डनर वाढवतात. अकरा ते चार ही वेळ. शेवटच्या जेलकोटला (वरच्या चकचकीत थराला) हवा लागली तर वरचा पापुद्रा चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचं द्रावण घालायचं किंवा वरून प्लास्टिकचा कागद ताणायचा.

आणि ज्यावरून तुम्ही आयुष्यात एकदाच ओरडलात ते : कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं रसायन) आणि हार्डनर सरळ एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. दोन्ही बाटल्या आता वेगवेगळ्या कपाटांत आहेत.

बॅटरीचं थोडक्यात. उभ्या बोटीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. तळातल्या, पाणी साचलं की आपोआप चालणाऱ्या पंपाची वायर बटणावरून नाही, फ्यूज घालून थेट बॅटरीवरून. म्हणजे सगळं बंद करून माणूस घरी गेला तरी पावसाचं पाणी उपसलं जातं.

पण जेट्टीवरच्या चार्जरबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे. जेट्टीवरचा २३० व्होल्टचा चार्जर रात्रंदिवस लावून ठेवला की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटी आणि जेट्टीचं लोखंड एकमेकांना जोडले जातात, आणि ज्याच्या वड्या बऱ्या असतील त्याच्या वड्या सगळ्यांसाठी झिजतात. एका बोटीची मॅग्नेशियमची वडी दोन महिन्यांत का संपते, याचं उत्तर शेजारच्या बोटीत होतं. चार्ज झालं की प्लग काढायचा. त्याहून मोठं कारण माणसांचं आहे. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर वीज चांगली वाहतं. खाऱ्या पाण्यात गळकी वीज माणसाला वळसा घालून जाते, धरणात ती त्याच्यातून जाते. हातपाय आखडतात आणि पोहणारा बुडतो, वर कुणाला काही दिसत नाही. म्हणून जेट्टीच्या फळीवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण, आणि चार्जर चालू असताना जेट्टीभोवती कुणीही पाण्यात नाही. नांगर अडकला तरी आधी मेन बंद.

दोरांचंही तसंच. पातळी उतरते तेव्हा काठाला घट्ट बांधलेली बोट दोरावर लटकते आणि कडी उपटते. तरंगत्या जेट्टीला बांधावी, काठाला बांधायचीच झाली तर रोज सकाळ-संध्याकाळ ढील बघावी.

एका बाबतीत तुम्ही हिशोबी नव्हतात. शहराच्या नळाला येणारं बहुतेक पाणी याच धरणातलं. १९६५ साली बांधून झालेल्या या मातीच्या धरणातून नाशिक पितं. तळात साचलेलं तेलकट पाणी पंपाने बाहेर सोडण्याआधी तेल शोषणारं कापड टाकून ठेवायचं, जुनं तेल डब्यात भरून परत द्यायचं, आणि तेल बदलायचं ते बोट पाण्याबाहेर काढूनच. ट्रॅक्टर भाड्याने घेऊन बोट ओढायचा खर्च तुम्ही स्वतःच्या मजुरीतून वळता करायचात. त्याचा हिशोब आमच्याकडे आहे, आणि तो आम्ही फेडणार आहोत, नको म्हणू नका.

तुम्ही दर पार्टवर मार्करने तारीख आणि तास लिहायचात, काढलेला पार्ट पिशवीत घालून त्यावर कारण. ‘इंपेलर, २१० तास, गाळ.’ ‘सील, ९० तास, तंगूस.’ ‘वडी, ६० दिवस, शेजारी.’ त्या पिशव्यांची पेटी आता जेट्टीवर सर्वांसाठी उघडी ठेवली आहे. नवा पोरगा आला की आधी ती चाळतो, मग पान्याला हात लावतो.

आपले,
गंगापूर धरणाच्या जेट्टीवरचे सगळे

ता. क. दसऱ्याला पाय उतरवणार आहोत. पाच इंपेलर, पाच पॅकिंग, दहा स्क्रू-वॉशर आणून ठेवलेत. पितळी बुशीची एक कड दबली आहे, अंबडला घासायला देऊ की नवी करून घेऊ, तेवढं कळवा.